वारा मोजायची यंत्रं: बडोद्यातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

बडोद्यात वाऱ्याची चौकशी एरवी फारसं कोणी करत नाही. जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की पतंगांसाठी सगळेच करतात, आणि मे-जूनमध्ये अरबी समुद्रात वादळ उठल्याची बातमी आली की पुन्हा एकदा. या दोन हंगामांत येणारे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. त्यांत शाळेच्या प्रकल्पवाल्यांचे, कारखान्यातल्या शिफ्टवाल्यांचे आणि गच्चीवर यंत्र बसवून बसलेल्यांचे प्रश्नही मिसळले आहेत. एका गोष्टीचं उत्तर एकदाच दिलं आहे. बाकी ठिकाणी प्रश्नाचा क्रमांक सापडेल.

१. वारा मोजायला यंत्र एक लागतं की दोन?

मोजायच्या गोष्टी दोन: वारा कुठून येतो आणि किती वेगाने येतो. दिशेसाठी वातकुक्कुट, वेगासाठी अ‍ॅनिमोमीटर, म्हणजेच पाठ्यपुस्तकातला वायुवेगमापक. हवामान केंद्रावर दोन्ही एकाच आडव्या दांड्याच्या दोन टोकांना बसवतात, त्यामुळे लांबून ते एकच यंत्र वाटतं. काही नव्या यंत्रांत दोन्ही कामं खरोखरच एका डब्यात होतात; त्यासाठी प्रश्न १४ पाहा.

२. वातकुक्कुटाचा बाण वारा येतो तिकडे असतो की जातो तिकडे?

येतो तिकडे. मागची शेपटी रुंद असते, तिला वारा ढकलतो, आणि टोक आपोआप वाऱ्याच्या तोंडावर येतं. वाऱ्याचं नावही तो येतो त्या दिशेवरून पडतं. जूनमध्ये आपल्याकडे येणारा नैर्ऋत्येचा वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि ईशान्येकडे जातो. अंशांत लिहिताना पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७० आणि उत्तर ३६०. उत्तरेला शून्य का लिहीत नाहीत, ते शेवटच्या प्रश्नात आहे.

दहावीपर्यंतच्या मुलांचे निम्मे गुण याच प्रश्नात जातात, कारण नदीच्या बाबतीत आपण उलटं बोलतो: विश्वामित्री दक्षिणेला वाहते म्हणजे दक्षिणेकडे जाते.

३. वाट्यांच्या अ‍ॅनिमोमीटरला वारा सगळ्या बाजूंनी लागतो. मग ते फिरतं तरी का?

वाटीची खोलगट बाजू वारा अडवते, फुगीर बाजूवरून तो निसटतो. एकाच वेगाच्या वाऱ्याचा खोलगट बाजूवरचा रेटा फुगीर बाजूच्या तिप्पट-चौपट भरतो. एका बाजूची वाटी खोलगट तोंडाने वाऱ्याला सामोरी असते तेव्हा समोरची फुगीर पाठीने असते, म्हणून चक्र कायम एकाच दिशेने फिरतं. वारा कुठूनही आला तरी चालतं, हा या यंत्राचा मोठा गुण.

हे यंत्र आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेच्या जॉन थॉमस रॉमनी रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये पुढे आणलं. त्यांच्या यंत्राला चार वाट्या होत्या. वाट्या कितीही मोठ्या असोत, त्यांचा वेग वाऱ्याच्या बरोबर एक तृतीयांश असतो, असं रॉबिन्सन मानत. पुढे कळलं की हा तीनचा गुणक वाटीच्या आकारावर आणि दांडीच्या लांबीवर अवलंबून असतो, आणि तीनपेक्षा बराच कमीही निघू शकतो. तोपर्यंत अनेक वर्षांच्या नोंदी तीनने गुणून झाल्या होत्या. तीन वाट्यांची रचना १९२६ मध्ये कॅनडाच्या जॉन पॅटरसन यांनी तपासून मांडली. तीन वाट्यांना ओढ जास्त एकसारखी मिळते आणि बदलत्या वाऱ्याला त्या लवकर दाद देतात, म्हणून आज बहुतेक यंत्रं तीन वाट्यांची असतात.

आतली मोजणी साधी आहे. दांड्यावर चुंबक किंवा भोकांची चकती असते. प्रत्येक फेरीला ठरावीक स्पंदनं निघतात आणि ती मोजून वेग काढतात.

४. किमी/तास, मीटर/सेकंद, नॉट... नेमकं काय वाचायचं?

१ मीटर/सेकंद म्हणजे ३.६ किमी/तास. १ नॉट म्हणजे १.८५२ किमी/तास. नॉटची दुप्पट करून थोडं कमी केलं की किमी/तास मिळतात. विमान आणि जहाजवाले नॉट वापरतात, पवनचक्कीवाले मीटर/सेकंद, वर्तमानपत्रं किमी/तास. या पानावर बहुतेक ठिकाणी किमी/तास आहे.

५. नंदेसरी-कोयलीकडच्या कारखान्यांवर केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी नळी का लटकवतात? ती काही मोजते का?

तिला विंडसॉक म्हणतात, आणि ती आकडा देत नसली तरी मोजते नक्की. तोंडाची रुंद कडी वाऱ्याकडे वळते आणि शेपूट वारा जातो तिकडे उडते, म्हणजे प्रश्न २ मधल्या बाणाच्या उलट. नवीन कामगार इथे हमखास गोंधळतात. विमानतळावरची नळी साधारण १५ नॉट, म्हणजे २८ किमी/तासाला पूर्ण आडवी होते. विमानतळासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती किमान ३.६ मीटर लांब आणि रुंद तोंडाशी ०.९ मीटर व्यासाची हवी. कारखान्यातल्या नळ्या लहान आणि हलक्या असतात, त्या याहून कमी वाऱ्यालाही ताठ होतात. विमानतळाचा हिशेब तिथे लावू नका.

रसायनांच्या कारखान्यात तिचं काम एका प्रसंगासाठी आहे: वायुगळती. भोंगा वाजला की आधी नळीकडे बघायचं. शेपूट ज्या दिशेला आहे तिकडे पळालात तर वायू तुमच्यासोबतच येतो. गळतीच्या रेषेतून आधी आडवं बाहेर पडायचं आणि मग वाऱ्याच्या तोंडाकडे, म्हणजे कडी आहे त्या बाजूला जायचं. गळती तुमच्या आणि कडीच्या मध्येच असेल तर सरळ तोंडाकडे धावू नका. आडवं जाणं तिथे सगळ्यात महत्त्वाचं. जमण्याची जागा कंपनीने ठरवून दिलेली असते, पण एकच जागा दिली असेल तर सुरक्षा अधिकाऱ्याला विचारा की वारा उलटा असला तर कुठे जायचं. हा प्रश्न आगाऊपणा नाही.

नळी फाटली, रंग उडाला किंवा कडी गंजून फिरेनाशी झाली की ती टांगलेली असून नसल्यासारखीच. रात्री तिच्यावर दिवा हवा.

६. जवळ यंत्र नाही. डोळ्यांनी अंदाज कसा करायचा?

ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ मध्ये ० ते १२ अशी मोजपट्टी केली. ती मुळात जहाजाच्या शिडांवर आधारलेली होती; जमिनीवरच्या खुणा नंतर आल्या. रोजच्या उपयोगाच्या तेवढ्या सांगतो. धूर सरळ वर जातो: शून्य. तोंडाला वारा जाणवतो, पानं सळसळतात: २, म्हणजे ६ ते ११ किमी/तास. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात, देवळाचा हलका ध्वज पसरतो: ३, म्हणजे १२ ते १९. धूळ आणि कागद उडतात: ४, म्हणजे २० ते २८. लहान झाडं डोलतात: ५. छत्री सांभाळणं कठीण होतं आणि तारा शिट्टी घालतात: ६, म्हणजे ३९ ते ४९. वाऱ्याविरुद्ध चालायला त्रास होतो: ७. डहाळ्या मोडून पडतात: ८, म्हणजे ६२ ते ७४. त्यावर बाहेर उभं राहून मोजायच्या भानगडीत पडू नका.

७. गच्चीवर यंत्र बसवायचं आहे. कुठे आणि किती उंच?

लोक यंत्र निवडायला महिनाभर घालवतात आणि जागा दहा मिनिटांत ठरवतात. उलटं करावं. चुकीच्या जागी बसवलेलं महागडं यंत्र चुकीचा आकडा दोन दशांशांपर्यंत अचूक सांगतं.

जागतिक हवामान संघटनेचा नियम असा: मोकळी जमीन, १० मीटर उंची, आणि जवळची प्रत्येक अडचण तिच्या स्वतःच्या उंचीच्या किमान दहापट लांब. म्हणजे १२ मीटरची इमारत १२० मीटरवर. रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात भिंतीला भिंत लागून घरं आहेत, तिथे हे स्वप्नातही जमणार नाही. गोत्री-मांजलपूरच्या सोसायट्यांतही नाही. म्हणून आपण जे मोजतो तो 'बडोद्याचा वारा' नसतो, आपल्या गच्चीचा असतो. हे मान्य केलं की पुढचं सोपं जातं.

इमारतीवर आदळलेला वारा भिंतीवरून वर चढतो, कठड्याच्या कडेवरून सुटतो आणि गच्चीवर भोवरे करतो. कठड्याला बांधलेलं यंत्र या भोवऱ्यातच असतं: कधी वेग फुगवून दाखवतं, कधी दिशा पार उलटी. त्यामुळे कठडा टाळा. जिन्याच्या खोलीचा माथा बहुतेक घरांत सगळ्यात उंच असतो, तिथे दांडा उभारा. पाण्याची टाकी आणि सोलर पॅनेल नैर्ऋत्येला येणार नाहीत असं पाहा, कारण पावसाळ्याचा सगळा वारा तिकडून येतो. दांडा छतापासून जितका उंच तितकं बरं. तीन-चार मीटर ही घरगुती तडजोड आहे. तीन बाजूंनी ताण द्या, नाहीतर दांडा थरथरतो आणि आकडेही थरथरतात.

दांडा ओळंब्यात हवा. वातकुक्कुट तिरका बसला तर मंद वाऱ्यात तो वाऱ्याचं न ऐकता उताराच्या बाजूला जाऊन थांबतो, आणि तुमच्या नोंदीत बडोद्याला एक नवीनच आवडती दिशा मिळते.

दांडा लोखंडी असेल आणि घरात सगळ्यात उंच तोच असेल तर अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. वीज पडते तेव्हा ती यंत्राची किंमत बघत नाही.

८. हवामान खात्याचा आकडा आणि माझा आकडा कधीच जुळत नाही. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. जमिनीच्या घर्षणाने खालचा वारा मंदावतो आणि उंचीसोबत वाढतो. सपाट मोकळ्या जागी १० मीटरवर २० किमी/तास असेल तर ५० मीटरवर साधारण २५ भरतो. शहरात घरांमुळे हा फरक आणखी वाढतो. विमानतळ हरणीला, मोकळ्या मैदानात. तुमचं यंत्र चार इमारतींच्या मध्ये. तुमचा आकडा कमी येणं स्वाभाविक आहे.

दुसरं कारण सरासरीचं. तो वेगळा प्रश्न आहे, पुढचाच.

९. बिपरजॉयच्या वेळी बातम्यांत १२५ आणि १४० असे दोन आकडे होते. खरा कोणता?

दोन्ही. १५ जून २०२३ ला बिपरजॉय कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ धडकलं, तेव्हा हवामान खात्याने सांगितलं की वारा ताशी ११५ ते १२५ किमी आणि झोत १४० पर्यंत. पहिला आकडा टिकून राहिलेल्या वाऱ्याचा, दुसरा क्षणभराच्या झोताचा. वारा कधीच एकसारखा वाहत नाही, म्हणून 'वेग किती' याला 'किती वेळाची सरासरी' हे जोडल्याशिवाय अर्थ येत नाही.

वेळेचे नियम जागोजाग वेगळे आहेत. जागतिक हवामान संघटनेची शिफारस १० मिनिटांच्या सरासरीची. आपलं हवामान खातं वादळासाठी ३ मिनिटांची सरासरी घेतं. अमेरिकेत १ मिनिटाची. झोत म्हणजे साधारण ३ सेकंदांची. अवधी जितका लहान, आकडा तितका मोठा. त्यामुळे त्याच वादळाचा अमेरिकी आकडा वाचून 'आपले लोक कमी सांगतात' असा निष्कर्ष काढणारे संदेश दर वर्षी फिरतात. ते पुढे पाठवू नका.

गच्चीवरची स्वस्त यंत्रं काही सेकंदांचा आकडा दाखवतात आणि त्याला 'वाऱ्याचा वेग' म्हणतात. हवामान खात्याशी तुलना करायची तर आधी १० मिनिटांची सरासरी काढा.

१०. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंगासाठी वारा किती हवा? सकाळी यंत्र शून्य दाखवतं, तरी समोरच्याचा पतंग वर कसा?

साधारण १० ते २० किमी/तास असला की मजा येते. पानं सतत हलत असतील, म्हणजे प्रश्न ६ मधला ३ क्रमांक, तर उत्तम. त्याखाली हातच दुखतात. २५ च्या वर हलके कागदी पतंग फाटू लागतात आणि किन्ना (पतंगाची कन्नी) नव्याने बांधावा लागतो.

आता शून्याचं कोडं. जानेवारीच्या रात्री जमीन थंड पडते आणि तिला लागून असलेली हवाही थंड आणि जड होऊन खाली बसते. वरची हवा तिच्यावरून घसरत जाते आणि दोघींची देवाणघेवाण थांबते. म्हणून सकाळी आठला गच्चीवर पान हलत नाही, पण शंभर-दीडशे मीटर वर वारा चांगला असतो. ज्याने ढील देऊन, दोन-चार ठुमके मारून पतंग त्या थरापर्यंत नेला त्याचा पतंग दिवसभर उभा. बाकीचे 'पवन नथी' म्हणत उंधियूकडे वळतात. ऊन चढलं की जमीन तापते, हवा ढवळली जाते, वरचा वेग खाली उतरतो. दहा-अकराच्या सुमारास वारा एकदम वरून उतरल्यासारखा येतो तो यामुळे. संध्याकाळी सूर्य उतरला की तो पुन्हा बसतो.

तेव्हा गच्चीवरच्या अ‍ॅनिमोमीटरवरून पतंगाचा अंदाज बांधायचा तर दुपारी बांधा. सकाळसाठी त्याहून भरवशाची खूण म्हणजे दूरच्या उंच चिमणीचा धूर.

११. वातकुक्कुटाची उत्तर कशी लावायची? मोबाईलचं होकायंत्र चालेल?

गच्चीवर नाही. स्लॅबमधल्या सळ्या, टाकीचा स्टँड, खुद्द दांडा, सगळं लोखंड आहे आणि होकायंत्राची सुई त्यांच्याकडे ओढली जाते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक बडोद्यात एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे तो दोष फारसा नाही. खरा दोष लोखंडाचा. खाली मोकळ्या मैदानात जाऊन दूरच्या एखाद्या मनोऱ्याची दिशा घेतली तर काम होतं.

त्याहून चांगला ध्रुवतारा. तो आपल्याकडे क्षितिजापासून साधारण २२ अंशांवर दिसतो आणि खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्या आत असतो. रात्री दोन ओळंबे त्याच्या रेषेत टांगा आणि गच्चीवर खूण करून ठेवा.

दिवसा करायचं तर मध्यान्हीची सावली. पण मध्यान्ह घड्याळाच्या बाराला नसते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, बडोदा ७३.२ वर, सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तो सरासरी १२ वाजून ३७ मिनिटांनी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२१ च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्यावर १२:५१ च्या आसपास. त्या क्षणी उभ्या काठीची सावली थेट उत्तरेला. अपवाद जूनचा: आपण कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला आहोत, त्यामुळे जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या साधारण दहा तारखेपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. सावली जवळजवळ नसते, आणि जी असते ती दक्षिणेला पडते. त्या दिवसांत ही पद्धत सोडा.

१२. मोबाईलवरचं अ‍ॅप वारा मोजतं का?

नाही. ते संगणकी अंदाजातला तुमच्या भागाचा आकडा दाखवतं. फोनमध्ये वारा मोजणारं काही नसतं.

१३. हातात धरायचं यंत्र घ्यायचं आहे. पंख्याचं की वाट्यांचं?

पंख्याचं स्वस्त मिळतं आणि एसीच्या जाळीसमोर, कारखान्याच्या एक्झॉस्टसमोर उत्तम चालतं. अट एकच: पंखा वाऱ्याच्या बरोबर समोर धरावा लागतो. बाहेर वारा दिशा बदलत राहतो आणि तुम्ही हात फिरवत राहता. तिरका धरला की आकडा कमी येतो. उघड्यावर वाट्यांचं घ्या. कोणतंही असो, हात लांब करून, डोक्याच्या वर, अंगापासून दूर धरा. तुमचं अंगही एक अडचणच आहे.

तपासणीची घरगुती युक्ती: अगदी स्तब्ध पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, गाडीच्या टपाच्या बऱ्याच वर यंत्र धरून जीपीएसच्या वेगाशी ताडून पाहा. स्पीडोमीटर नको, तो थोडा जास्त दाखवतो. जाताना आणि येताना, दोन्हींची सरासरी घ्या. गाडी दुसऱ्याने चालवायची, हे सांगायला लागू नये.

१४. अल्ट्रासॉनिक यंत्रात काहीच फिरत नाही. मग ते वेग मोजतं कसं?

आवाजाने. समोरासमोरच्या दोन टोकांतून आपल्याला न ऐकू येणारा आवाज एकमेकांकडे पाठवतात. वाऱ्याच्या दिशेने तो लवकर पोचतो, उलट उशिरा. दोन्ही वेळांवरून त्या रेषेतला वेग निघतो. आवाजाचा वेग तापमानाने बदलतो, दर अंश सेल्सिअसला साधारण ०.६ मीटर/सेकंद, पण जाण्या-येण्याचे दोन्ही वेळ मोजल्यामुळे तो हिशेबातून गळून जातो. मेच्या ४३ अंशांतही आणि जानेवारीच्या १० अंशांतही यंत्र सारखंच. अशा दोन जोड्या एकमेकींना काटकोनात असल्या की दिशाही मिळते, वातकुक्कुट वेगळा लागत नाही.

घासायला काही नाही, त्यामुळे अगदी मंद झुळूकही पकडतं. दोष दोन: जोराच्या पावसात टोकांवर थेंब बसले की आकडे अधूनमधून वेडेवाकडे येतात, आणि किंमत. परवडत असेल तर मी हेच घ्यायला सांगेन.

१५. एसीच्या डक्टमधला किंवा चिमणीतला वेग कशाने मोजतात?

डक्टमधला मंद वेग तापलेल्या तारेने: वारा तार थंड करतो, तिला तापवत ठेवायला किती वीज लागली त्यावरून वेग. तार केसाहून बारीक असते आणि धुळीने बिघडते, म्हणून ती गच्चीवर नको. चिमणीत आणि विमानावर पिटो नळी, जी आंरी पिटो यांनी १७३२ मध्ये सीन नदीचा वेग मोजायला वापरली. ती दाब मोजते, आणि दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १० मीटर/सेकंदाला हा दाब जेमतेम ६० पास्कल, म्हणजे पाण्याचा ६ मिलिमीटर स्तंभ. मंद वाऱ्याला ती म्हणूनच निरुपयोगी.

१६. देखभाल काय करायची?

वासी उत्तरायणाच्या (१५ जानेवारी) दुसऱ्या दिवशी आधी गच्चीवर जा. तुटलेला मांजा वाट्यांच्या खाली दांड्याभोवती गुंडाळलेला असतो, आणि तो काचेचा असल्यामुळे हातमोजे घाला. बंदी असूनही फिरणारी नायलॉनची दोरी तर कुजतही नाही. लक्षण असं: वातकुक्कुट हलतोय, पण वेग शून्य. पूर्ण गुंडाळा नसला, एकच वेढा असला, तर यंत्र जोराच्या वाऱ्यात ठीक चालतं आणि मंद वाऱ्यात मुकं होतं, त्यामुळे महिनोन्महिने कळत नाही.

बाकी वर्षभर: कोळ्याची जाळी, कबुतरं, उन्हाळ्याची धूळ. बेअरिंगमध्ये शिलाईयंत्राचं तेल घालू नका. धूळ तेलाला चिकटते आणि रोग औषधाहून बरा होता असं वाटतं. कुरकुर ऐकू आली तर बेअरिंग बदला. पावसाळ्यापूर्वी तारेच्या जोडावर पाणी जात नाही ना, ते पाहा.

१७. झोताच्या वाऱ्यात वाट्या जास्त वेग दाखवतात, हे खरं आहे का?

खरं आहे. वारा वाढला की वाट्या चटकन वेग घेतात. ओसरला की जडत्वाने थोडा वेळ फिरतच राहतात. चढ लवकर आणि उतार उशिरा, त्यामुळे सरासरी वर सरकते. वाट्या जितक्या जड, तितका दोष मोठा. शहरातल्या गच्चीवर वारा नेहमीच झोतांचा असतो, त्यामुळे तिथे तो जास्त जाणवतो.

१८. यंत्राने दिशा १८० दाखवली, वारा तर उत्तरेचा होता. बिघडलं का?

यंत्र ठीक आहे, सरासरी चुकली. वारा ३५० आणि १० अंशांच्या मध्ये डोलत असेल तर साधी सरासरी १८० येते, म्हणजे बरोबर उलटी दिशा. खरं उत्तर ३६० आहे. दिशेची सरासरी कधीही साधी बेरीज-भागाकाराने काढू नका. प्रत्येक नोंदीचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम घटक वेगळे काढा, त्यांची सरासरी घ्या आणि त्यावरून कोन काढा. आपल्याकडे हिवाळ्यात वारा उत्तर-ईशान्येचा असतो, म्हणून ही तक्रार नेमकी डिसेंबर-जानेवारीत येते.

वेगाला मात्र हीच पद्धत डोळे मिटून लावू नका. अर्धा तास उत्तरेचा आणि अर्धा तास दक्षिणेचा, दोन्ही ताशी १८ किमी वारा वाहिला तर घटकांची सरासरी शून्य येते, आणि तेवढा वेळ झाडं तर हलतच होती. वेगासाठी साधी सरासरी, दिशेसाठी घटकांची.

जुन्या यंत्रांत आणखी एक खोच आहे. बाणाखाली फिरता विद्युतरोध असतो आणि त्याची सुरुवात आणि शेवट उत्तरेला भेटतात. तिथे काही अंशांची फट असते, तीत बाण आला की आकडा भरकटतो.

१९. विमानतळाच्या हवामान अहवालात '२४००८केटी' असं असतं. म्हणजे काय?

२४० अंशांकडून, ८ नॉट. मध्ये 'जी' आला तर त्यापुढचा आकडा झोताचा. लेखी अहवालातली दिशा खऱ्या उत्तरेवरून असते आणि १० मिनिटांच्या सरासरीची. उतरणाऱ्या वैमानिकाला टॉवर तोंडी सांगतो ती चुंबकीय उत्तरेवरून आणि २ मिनिटांची. धावपट्टीचे क्रमांकही (दिशेचे अंश भागिले दहा, म्हणजे २२ म्हणजे २२० अंश) चुंबकीय असतात. आपल्याकडे दोन्ही उत्तरा एकच धरल्या तरी बिघडत नाही (प्रश्न ११), कॅनडाच्या उत्तरेत बिघडतं.

हरणीची धावपट्टी ०४/२२, म्हणजे नैर्ऋत्य-ईशान्य. पावसाळी आणि हिवाळी दोन्ही वारे जवळजवळ तिच्या रेषेत येतात. २२ वर उतरताना २६० अंशांकडून २० नॉट वारा असला तर आडवा घटक साधारण १३ नॉट.

२०. घरावर पवनचक्की बसवली तर वीज निघेल का?

आधी वर्षभर वारा मोजा. ताकद वेगाच्या घनाने बदलते: वेग निम्मा तर वीज एक अष्टमांश. ताशी ११ किमी, म्हणजे ३ मीटर/सेकंद वाऱ्यात एका चौरस मीटरमागे फक्त १६ वॅट वाहत असतात, आणि त्यातलेही ५९ टक्क्यांहून जास्त कोणत्याच पवनचक्कीला काढता येत नाहीत. म्हणून वेगाच्या मोजणीत १० टक्के चूक म्हणजे विजेच्या अंदाजात ३० टक्क्यांहून जास्त चूक. कच्छ-सौराष्ट्रात मोठ्या चक्क्या उभ्या आहेत त्या तिथल्या मोकळ्या वाऱ्यामुळे आणि शंभर मीटरच्या आसपासच्या उंचीमुळे. बडोद्याच्या गच्चीवर माझं मत सोलरला.

२१. सगळ्यात जोराचा वारा कोणत्या यंत्राने मोजला? ते तुटलं नाही?

१० एप्रिल १९९६ ला ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर, ऑलिव्हिया वादळात, ताशी ४०८ किमीचा झोत. यंत्र साधं तीन वाट्यांचंच, पण भक्कम, ते टिकलं. त्याआधीचा विक्रम १९३४ चा, अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनचा, ३७२ किमी. १९९९ मध्ये ओक्लाहोमातल्या चक्रीवातात रडारने याहून मोठा वेग टिपला, पण रडार लांबून अंदाज घेतं, म्हणून तो या यादीत धरत नाहीत.

२२. वारा अजिबात नसेल तर दिशा काय लिहायची?

००, आणि वेगही ००. उत्तरेच्या वाऱ्याला म्हणूनच ३६० लिहितात, नाहीतर दोन्ही एकच दिसले असते. यंत्राच्या आपोआप नोंदींत मात्र अडचण येते: वारा थांबला की बाण शेवटच्या जागीच राहतो आणि यंत्र रात्रभर तीच दिशा इमानदारीने लिहीत राहतं. प्रकल्पासाठी वाऱ्याचा आराखडा (कोणत्या दिशेने किती वेळ वारा आला त्याचं गोल चित्र) काढणाऱ्या विद्यार्थ्यांनी यंत्राच्या सुरू होण्याच्या वेगाखालच्या सगळ्या नोंदी, म्हणजे बहुतेक वाट्यांच्या यंत्रांत साधारण २ ते ४ किमी/तासाखालच्या, दिशेतून काढून टाकाव्यात आणि 'स्तब्ध' म्हणून मधल्या वर्तुळात वेगळ्या दाखवाव्यात. बडोद्याच्या हिवाळ्यात हे वर्तुळ बरंच मोठं निघतं. परीक्षकाला ते चुकीचं वाटलं तर प्रश्न १० दाखवा.